पेडर रोडला नका घाबरू, हाजीअलीला घाबरा

मला तिघांनी सांगितलं होतं, "मुंबई मॅरेथॉन ना? जानेवारीत असते गं, गारवा असतो. समुद्राकाठानं धावायचं, वारा लागतो. फक्त पेडर रोडचा चढ तेवढा जपून." तिघंही अर्धी मॅरेथॉन धावणारे आहेत, हे नंतर लक्षात आलं. अर्धीवाले अंधारात सुटतात आणि ऊन चढायच्या आत पदक घालून फोटो काढत असतात. पूर्ण ४२.१९५ किलोमीटरबद्दल त्यांचा सल्ला म्हणजे न्याहारीला आलेल्या पाहुण्यानं जेवणाची चव सांगणं. पूर्ण धावलेल्या माणसालाच विचारा, आणि तोही चार तासांत संपवणारा नको. माझ्यासारखा पावणेसहा तास लागलेला शोधा. ऊन कुणी खाल्लंय ते त्याच्या मानेवर दिसतं.

वाऱ्याचं आधी सांगून टाकते. समुद्रावरून येणारा वारा, ज्याला आपण खारं वारं म्हणतो, तो जमीन तापल्यावर सुटतो, म्हणजे दुपारच्या सुमाराला. हिवाळ्यात सकाळी वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे असतो, आणि तोही असला तर असतो. शाळेत भूगोलात शिकलेलं हे मला आठवलं वरळीला, जेव्हा उजव्या हाताला समुद्र होता आणि झेंड्याचं एक टोकही हलत नव्हतं. हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. घाम वाळला तरच अंग गार होतं. ओघळला तर फक्त बूट भिजतात.

आता पोहोचण्याविषयी, कारण त्यात माझे पैसे गेलेत. मी डोंबिवलीची. सुटायची जागा सीएसएमटी, वेळ पहाटे ५. मी घाबरून आदल्या रात्री एक गाडी ठरवली, १,८०० रुपये. पहाटे पावणेतीनला तो दारात येऊन म्हणाला, "मॅडम, आज रस्ते बंद आहेत, २,२०० होतील." त्या वेळी काय भांडणार? दिले. आणि त्यानं सोडलं कुठे, तर रस्ता अडवलेला म्हणून मशीद बंदरच्या अलीकडे. तिथून चालत. आत जाऊन बघते तर अर्धी डोंबिवली आधीच येऊन मांडी घालून केळी खात बसलेली. मॅरेथॉनच्या पहाटे रेल्वे खास लोकल सोडते, मध्यवरही आणि पश्चिमवरही. आदल्या आठवड्यात वेळ जाहीर होते. ती बघा आणि गाडीवाल्याला झोपू द्या.

पहिले वीसेक किलोमीटर छान गेले. मरीन ड्राइव्ह, सागरी सेतू, वगैरे. त्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत.

सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. तेव्हा मी जवळजवळ निम्म्यात होते आणि मनातल्या मनात साडेपाच तासांचं गणित करत होते. माहीमला लोक दारात उभे, कुणी संत्र्याच्या फोडी, कुणी चिक्की. शिवाजी पार्कला ढोल. तोवर ठीक. पण माझी खरी चूक तिथे आधीच होऊन गेली होती. प्रत्येक टेबलावर पाणी मिळत होतं आणि मी प्रत्येक ठिकाणी पीत होते. नुसतं पाणी. प्रभादेवीच्या आसपास पोट डुचमळायला लागलं, मळमळ सुरू झाली आणि बोटातली अंगठी रुतायला लागली. घामातून मीठ चाललं होतं आणि मी वरून साधं पाणी ओतत होते, त्यामुळे रक्तातलं मीठ आणखी पातळ होत होतं. हे तहानेइतकंच वाईट, किंबहुना जास्त. एका इमारतीसमोर एक आजी ताटात मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. "दोन घे गं बाई, तोंड बघ तुझं." मी चार घेतल्या. त्या आजी दरवर्षी तिथे असतीलच असं धरून चालू नका. खिशात ओआरएसची पुडी ठेवा. खरी पुडी म्हणजे ज्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं, लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ. तयार डब्यातलं गोड सरबत ते नव्हे. घरी बाटलीत कालवून सरावात पिऊन बघा, चव ओळखीची हवी.

तर हाजीअली. वरळीहून दक्षिणेकडे निघालं की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे महालक्ष्मीचा रेसकोर्स. साडेनवाला सूर्य असतो आग्नेयेला, म्हणजे तुमच्या डाव्या गालावर आणि थेट डोळ्यांत. त्या बाजूला इमारती असत्या तर सावली पडली असती. रेसकोर्स आहे, सपाट. झाड रस्त्यावर येईल इतकं उंच नाही. खाली काँक्रीट, वर ऊन, उजवीकडे पाण्यावरून परत येणारं चकाकणं. ओहोटी असली तर वासही. मी तो पट्टा धावले नाही, चालले, आणि चालतानाही दोनदा थांबले. एकदा पोटरीत गोळा आला. दुसऱ्यांदा भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं.

हे नीट वाचा. उन्हात शहारे येणं, घाम थांबणं, डोकं हलकं होणं, यातलं काहीही झालं तर जवळच्या वैद्यकीय मंडपात जाऊन बसायचं. मी बसले नाही, स्वयंसेवक मुलगा "ताई, आता जवळच आहे" म्हणाला म्हणून पुढे गेले. तो खोटं बोलत होता आणि मी मूर्खपणा केला. निभावलं, पण ते नशीब, त्यात शौर्य नाही.

आणि मग ज्याची सगळे भीती घालतात तो पेडर रोड. साधारण ३५-३६व्या किलोमीटरला. चढ आहे, मान्य. पण दोन्हीकडे उंच इमारती, रस्त्यावर सावली! मला तिथे अक्षरशः घरी आल्यासारखं वाटलं. चढ सगळेच चालतात, तुम्हीही चाला, लाज वाटून घेऊ नका. उतारावर मात्र गुडघे सांभाळा. त्यापुढे चौपाटीनंतर जिमखान्यांची मैदानं लागतात तिथे पुन्हा ऊन, आणि मग जुन्या इमारतींची रांग सुरू झाली की शक्य तितकं त्यांच्या कडेनं जा. समुद्राच्या कडेला दृश्य आहे. दृश्य नंतर या बघायला.

मार्ग अधूनमधून बदलतो, तेव्हा नकाशा मिळाला की एवढंच बघा: नऊनंतर तुम्ही कुठे असाल आणि तिथे डावीकडे काय आहे.

सरावाचं म्हणाल तर मी चार महिने एमआयडीसीच्या रस्त्यांवर पहाटे साडेचारला निघायचे आणि सातला घरी. अंतर वाढवत गेले होते. अंतराची तयारी झाली, उन्हाची शून्य. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, आणि ती उन्हात गेल्याशिवाय होत नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मधूनमधून नऊ वाजता बाहेर पडा. सावकाश, तासभर. शेजारीपाजारी वेड्यात काढतील, काढू द्या. पांढरी टोपी घ्या, मानेवर ओला रुमाल. डोक्यावर पाणी ओतायचं तर पुढे वाकून ओता. मी सरळ उभी राहून ओतलं, ते मोज्यांत गेलं आणि दोन्ही टाचांना फोड.

शेवटची ओळ ओलांडली ती ५ तास ४७ मिनिटांनी. रडले. का ते विचारू नका. बाहेर शहाळं १०० रुपये म्हणाला, मी घासाघीस न करता दोन घेतली. त्या क्षणी तो ५०० म्हणाला असता तरी दिले असते, आणि हे त्यालाही माहीत होतं.

परतताना रविवारचा मेगाब्लॉक आधी बघून ठेवा. आणि लोकलमध्ये जागा मिळाली तरी बसू नका. मी खिडकी मिळाली म्हणून बसले, झोपले, कोपरला जाग आली. डोंबिवलीला उठायला गेले तर मांड्यांनी साफ नकार दिला. दोन बायकांनी काखेत धरून उभं केलं तेव्हा ठाकुर्ली आलं होतं.