बुसा अपडेट: फोर्क झाले, आता व्हॉल्व्ह क्लिअरन्स

मंडळी, बुसाचं, म्हणजे माझ्या सुझुकी हायाबुसा बाईकचं, पुढचं काम उरकलं. फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांचे) सील बदलले, नवीन ऑइल भरलं, ५३० साइजची चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट पण नवीन. गाडी २०१६ ची, १३४० सीसी, सुझुकीने भारतात असेंब्ली सुरू केली त्या वर्षीची. आधी ब्रेक दाबला की पुढून धप्पकन बसायची, आता कसारा घाट उतरताना इतकी स्थिर वाटते की खाली थांबून फोर्कला बोट फिरवून बघितलं, थेंबभर ऑइल नाही. लई भारी वाटलं.

गॅरेजवर एक प्रश्न हमखास येतो, की ताशी ३०० किमीची गाडी नाशकात घेऊन करणार काय. बरोबरच आहे, चौपदरी हायवेला बाईकला लिमिट ८० आणि नाशकातल्या द्वारका चौकात तर पहिल्या गिअरमध्ये रेडिएटरचा फॅन ऐकत उभं राहायचं. पण माझं ठाम मत आहे, स्पीडने ही गाडी गाजली, टिकली मात्र टॉर्कवर, म्हणजे इंजिनच्या ओढीवर. सहाव्या गिअरला ८० वर तीन हजार आरपीएमच्या खाली असते, तिथून नुसतं थ्रॉटल उघडायचं, गिअर पाडायची गरजच नाही, पिंपळगावकडे जाताना ट्रक ओव्हरटेक करायला याहून निवांत गाडी मी चालवलेली नाही.

स्पीडची शर्यत तशी कधीच संपली. १९९९ ला बुसा आली ती होंडाच्या ब्लॅकबर्डला मागे टाकायला, मग कंपन्यांनी आपणहून ताशी २९९ किमीला लगाम लावला. ब्लॅकबर्ड गेली, कावासाकीची झेडएक्स-१२आर गेली, आणि एमिशनच्या (धुराच्या) नियमांमुळे २०१८ च्या शेवटी युरोपातून बुसा पण गेली. २०२१ ला परत आली तेव्हा पॉवर १९७ ची १९० पीएस झाली, टॉर्क १५५ चा १५० न्यूटन मीटर, आणि बरेच जण नाराज झाले. मला तो निर्णय पटतो, कारण सुझुकीने टोकाची पॉवर सोडून खालच्या आणि मधल्या आरपीएमला जोर वाढवला, जिथे आपण रोज चालवतो.

नवीन घ्यायची तर २०२१ लाच १६.४० लाख एक्स-शोरूम होती, आणि आता ३५० सीसीच्या वर जीएसटी ४० टक्के. म्हणून म्हणतो, चांगली जुनी मिळाली तर तीच नीट सांभाळा.

पुढचं काम व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हमधली बारीक फट तपासणं, २४,००० किमीला बघायचं असतं ते. फट मोजायचं फीलर गेज आहे, ती जुळवायच्या शिमचा (पातळ चकत्यांचा) सेट नाहीये, नाशकात कोणाकडे असेल तर सांगा, दोन दिवसांत परत करतो.