मागच्या काचेच्या दोन रेघा

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले होते आणि जळगावात पारा ४४ च्या वर. या दिवसांत गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं काम मी पहाटे सहालाच धरतो. उशीर झाला की शॅम्पूचं पाणी मारता मारता सुकतं, फिल्म सरकवायच्या आत काचेला धरते आणि सगळी हुशारी बुडबुड्यांत जाते. शटर निम्मं खाली, पंखा बंद, फरशीवर पाणी. धुळीचा एक कण आत अडकला तरी गिऱ्हाईक महिनाभर त्याच्यावर बोट ठेवतं.

गाडी अमळनेरकडच्या एका निवृत्त गुरुजींची. मागच्या काचेवरची जुनी फिल्म उन्हानं जांभळी पडलेली. ती काढून पारदर्शक सिरॅमिक, म्हणजे काळी न करता ऊन अडवणारी फिल्म, हवी होती. "भलतं ऊन लागस रे भाऊ," एवढंच त्यांचं म्हणणं. असं गिऱ्हाईक दुर्मीळ. बाकीचे येतात ते "मामा अडवणार नाही अशी काळी टाक" म्हणत. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी आणली. पुढं १ एप्रिल २०२१ पासून नियम बदलला आणि त्यात बसणारी फिल्म चालते असं २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं म्हटलं, पण आमच्या चौकातल्या मामाला केरळ फार लांब. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड जायलाच हवा. त्यात हिशोब गुणाकाराचा: काच ८० सोडते, फिल्म ९०, तर हाती ७२. हे कोणी ऐकूनच घेत नाही.

मागची काच म्हणजे कारागिराची परीक्षा. ती दोन्ही बाजूंनी वळलेली, फिल्म मात्र सपाट. म्हणून आधी काचेच्या बाहेरून पावडर लावून फिल्म पसरायची आणि हीट गननं आकसवून काचेचा आकार द्यायचा. फिल्म रोलच्या लांबीच्या दिशेनंच नीट आकसते, त्यामुळं चुण्या वर-खालीच जमवायच्या आणि एकेक करून बसवायच्या. गन एका जागी थांबली की फिल्म करपते, काचही तडकू शकते. त्या दिवशी एकही चुणी उरली नाही. पट्टीनं पाणी काढल्यावर फिल्म आहे की नाही तेच कळेना. इतकं साफ काम माझ्या हातून वर्षात दोनदा होतं.

जुनी फिल्म मी काढली नव्हती. ती काढली आमच्या पोऱ्यानं. साबणपाणी मारून वर काळं प्लास्टिक लावायचं, गाडी उन्हात ठेवायची, गम मऊ झाला की कोपऱ्यातून सावकाश ओढायची, हे त्याला दहादा सांगितलं होतं. पण आजकालची पोरं मोबाईलवर बघून शिकतात आणि तिथं सगळं दोन मिनिटांत निघतं. मी चहा घेत होतो. बघायला हवं होतं.

गाडी गेल्यावर कचरा आवरताना जुन्या फिल्मचा बोळा उलगडला. गमावर दोन बारीक तपकिरी रेघा, बोटभर लांब. डिफॉगरच्या तारा, काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणाऱ्या.

काचेवरची तार एवढीशी तुटली तर चांदीच्या पेंटनं जोडता येते. बोटभर गेली तर भरवसा नाही. आणि जोडायची म्हणजे नवी फिल्म फाडायची, कारण तारा फिल्मच्या खाली.

संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं, फुकटात परत करून देतो म्हणालो. गुरुजी हसले. "राहू दे रे भाऊ, आपला खान्देशमा धुकं कोठे पडस?"

खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. फोन ठेवल्यावर आठवलं. गाडी सोडायला आले तेव्हा ते म्हणाले होते की काकूंच्या डोळ्यांसाठी दर दोन महिन्यांनी संभाजीनगरला जावं लागतं. म्हणजे चाळीसगावहून कन्नडचा घाट. पावसात तिथं काचा आतून धुरकटतात. मी पुन्हा फोन केला नाही.

जुलैत त्यांचाच आला. शेजाऱ्याला तशीच फिल्म टाकायची होती, भाव विचारत होते. तारांचं त्यांनी काढलं नाही. मीही नाही.