‘तो’चे ‘ते’ झाले तेव्हा

मराठीत आदर दाखवायला अनेकवचन आहे, पण माया दाखवायची झाली की आपण एकेरीवरच येतो. देवाला ‘तू’ म्हणतो, आईला ‘तू’ म्हणतो, आणि एखादा कलावंत मनापासून आवडू लागला की, तो वयाने वडिलांएवढा असला तरी, ‘ते’चा ‘तो’ कधी झाला हे आपले आपल्यालाही कळत नाही. एका गायकाला मी चौदा वर्षे असे एकेरीत संबोधत आले. ‘त्याचे नवे गाणे आले’, ‘आज त्याचा आवाज जरा बसलेला वाटला’, ‘त्याने आता थोडी विश्रांती घ्यायला हवी’, अशी वाक्ये मी घरच्या माणसाविषयी बोलावे तशी बोलत असे, आणि ज्याच्याविषयी हे बोलायचे त्याला माझे अस्तित्वही ठाऊक नाही, हे मला कधी विचित्र वाटले नाही. गेल्या वर्षभरात मात्र त्याच्याविषयी बोलताना माझ्या तोंडी ‘ते’ येऊ लागले आहे. त्या अनेकवचनात आदर नाही. ज्यांच्याशी देणेघेणे उरलेले नाही अशांशी आपण जेवढ्या सभ्यतेने वागतो, तेवढीच सभ्यता त्यात आहे.

त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. नाव लिहिले की त्यांच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन्ही लोक धावून येतील आणि मला जे सांगायचे आहे ते बाजूलाच राहील. शिवाय हे लिखाण त्यांच्याविषयी जेवढे आहे, त्याहून अधिक माझ्याविषयी आहे.

सुरुवात वडिलांच्या आजारपणात झाली. रात्री त्यांच्या उशाशी जागत बसायचे असे आणि दिवा लावून वाचण्याची सोय नसे, म्हणून मी कानाला इयरफोन लावून बसत असे. त्या काळात या गायकाचे एक संथ गाणे मी किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद नाही. पुढे वडील बरे झाले आणि गाणे तेवढे माझ्याकडे राहिले. त्यानंतर मी त्यांच्या मुलाखती पाहू लागले, आणि मला वाटते, खरा घोटाळा तेथेच झाला. गाणे आवडणे आणि माणूस आवडणे यांत जे अंतर असायला हवे ते मुलाखतींनी पुसून टाकले. ते कॅमेऱ्याकडे बघून असे काही बोलत की समोर आपणच बसलो आहोत असे वाटावे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ साली, म्हणजे दूरचित्रवाणी नवीन होती तेव्हाच, या अनुभवावर एक लेख लिहून ठेवला आहे. या नात्याला त्यांनी ‘दुरून साधलेली जवळीक’ अशा अर्थाचे शब्द वापरले आणि त्याचे मुख्य लक्षणही सांगितले: हे नाते एकतर्फी असते, त्याची सूत्रे कलावंताच्या हाती असतात, आणि परस्परांच्या देवाणघेवाणीने ते वाढू शकत नाही. हा लेख मी गेल्या वर्षी वाचला. चौदा वर्षांपूर्वी वाचला असता तरी तो मी इतरांना लागू केला असता, स्वतःला नाही, हेही खरे.

मग ती घटना घडली. एका तरुण गीतकार मुलीने जाहीरपणे लिहिले की, या गायकाच्या एका गाजलेल्या गाण्याचे शब्द मुळात तिचे आहेत, तिने ते विश्वासाने पाठवले होते, श्रेय देण्याचे ठरलेले असतानाही दिले गेले नाही, आणि विचारणा केल्यावर तिला उत्तर देणेच बंद झाले. तिच्या लिहिण्यात आक्रस्ताळेपणा नव्हता. तारखा होत्या, संदेश होते आणि बराचसा संकोच होता. त्यावर गायकाने तीन ओळींचे निवेदन काढले आणि काही लोकांना प्रसिद्धीची घाई असते, असे त्यात सुचवले. चाहत्यांना तेवढा इशारा पुरेसा होता.

आमचा चाहत्यांचा एक गट होता आणि तो चालवणाऱ्या तिघांपैकी मी एक होते. त्या रात्री आम्ही जागलो. त्या मुलीची जुनी छायाचित्रे, जुन्या कविता, व्याकरणाच्या चुका असे सगळे शोधून काढण्यात आले. मी स्वतः कोणतीही शिवी दिली नाही, आणि याचाच मला बरेच दिवस अभिमान होता. मी केले ते असे: तिच्या लिखाणाखाली एक वाक्य लिहिले की, ज्यांना स्वतःचा आवाज नसतो ते दुसऱ्याच्या आवाजातून स्वतःचे शब्द ऐकू पाहतात. वाक्य घोटून लिहिलेले होते, त्याला लय होती, आणि ते क्रूर होते. शेकडो लोकांनी ते पुढे पाठवले, आणि पहाटे कधीतरी त्या गायकाच्या स्वतःच्या खात्यावरून त्याला पसंतीची खूण मिळाली.

चौदा वर्षांत मी त्यांच्या गाण्यांवर पुष्कळ लिहिले होते. एखाद्या ओळीवर ते श्वास कोठे घेतात, एका जुन्या ध्वनिमुद्रणात तबला किंचित मागे का राहिला आहे, अशा बारीकसारीक गोष्टींवर रात्री खर्च केल्या होत्या, आणि त्यांतले एकही अक्षर त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचे कधी कळले नाही. त्यांनी माझी दखल घेतली ती एकदाच, आणि तीही मी लिहिलेल्या सर्वांत हीन वाक्यासाठी. त्या पहाटे मात्र मला हे असे दिसले नाही. मी आनंदाने रडले होते.

दहाबारा दिवसांनी त्या मुलीने मूळ पत्रव्यवहार समोर ठेवला. त्यानंतर गायकाच्या कार्यालयाने ‘गैरसमजातून राहून गेलेले श्रेय’ देण्यात येत असल्याचे कळवले, आणि एके दिवशी गाण्याखाली तिचे नाव गुपचूप येऊन बसले. क्षमेचा शब्द कोठेही नव्हता. आमच्या गटात दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिले, ‘बघा, शेवटी त्याने तिला नाव दिलेच, किती मोठे मन!’ हे वाचताना मला प्रथमच मळमळले.

मला राग कोणाचा आला होता, हे ठरवायला पुष्कळ दिवस लागले. फसवणूक त्यांनी त्या मुलीची केली होती. माझ्याशी त्यांनी कसला करार केला नव्हता की कोणते वचन दिले नव्हते. तरीही आपली फसवणूक झाल्याची भावना जाईना. तेव्हा मला एक जुना प्रयोग आठवला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचे निरीक्षण करून १९७६ साली ते प्रसिद्ध केले होते. आपला फुटबॉल संघ शनिवारी जिंकला असेल तर सोमवारी अधिक विद्यार्थी विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येत, आणि सामन्याविषयी विचारले असता संघ जिंकल्यावर ‘आपण’ म्हणण्याकडे, तर हरल्यावर ‘ते’ म्हणण्याकडे त्यांचा कल असे. म्हणजे सर्वनामांचा हा खेळ माझा एकटीचा नव्हता. दुसऱ्याच्या तेजात आपण उजळून निघतो आणि तो विझला की हळूच अंग काढून घेतो. माझ्या ‘ते’मध्येही हा पळपुटेपणा थोडा असणार, हे मला मान्य करावे लागते.

सगळेच असे अंग काढून घेत नाहीत, हे त्याहून चमत्कारिक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार हान्सी क्रोनिए याने एप्रिल २००० मध्ये सामनेनिश्चितीचे आरोप आधी साफ नाकारले, काही दिवसांतच आपण पूर्ण खरे बोललो नसल्याचे कबूल केले, आणि त्याच वर्षी त्याच्यावर आजन्म बंदी आली. २००२ साली विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. पुढे २००४ मध्ये त्या देशात लोकांनी मते देऊन थोर दक्षिण आफ्रिकींची यादी निवडली, तेव्हा त्याला अकरावे स्थान मिळाले. हे औदार्य आहे, शोक आहे, की आपण एकेकाळी केलेले प्रेम वाया गेले नाही असे स्वतःला पटवून देण्याची धडपड आहे, याचा निवाडा मी कोणत्या तोंडाने करू? ‘किती मोठे मन’ लिहिणाऱ्या त्या सहकाऱ्यात आणि माझ्यात फरक होता तो जेमतेम दहा दिवसांचा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त १९४३ साली केलेल्या भाषणात विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. थोर माणसाविषयी अपार कौतुक व्यक्त करणे हा एक, आणि त्याची आज्ञा पाळणे हा दुसरा. पहिल्यात वावगे काही नाही, दुसरा अत्यंत धोक्याचा आहे. त्यांच्यासमोरचा विषय राजकारणाचा होता आणि माझा एका गायकाचा आहे, म्हणून हा आधार घेताना मला जरा संकोच वाटतो. तरीही मी कोठे घसरले हे त्या भेदातूनच मला नीट दिसले. मला कोणी आज्ञा केली नव्हती. तीन ओळींचे निवेदन वाचून मी ती स्वतःच ओळखली आणि न सांगता पाळली.

बाजूला होणे हे बाहेरून वाटते तेवढे नाट्यमय नसते. कोणी पोस्टर फाडत नाही. मी गटाची जबाबदारी दुसऱ्याकडे सोपवली आणि कारण विचारले गेले तेव्हा ‘वेळ मिळत नाही’ असे खोटे सांगितले; त्यामुळे वाद टळला, पण काही भित्र्या मनांना मिळू शकली असती ती सोबतही मी नाकारली. फोनवरच्या सूचना बंद केल्या. तरी सकाळी उठल्यावर बोट आपोआप त्या जागी जाई, आणि तेथे काही नाही हे कळायला एक क्षण लागे. ज्या मैत्रिणी केवळ या गायकामुळे मिळाल्या होत्या त्यांच्याशी काय बोलायचे हे सुचेनासे झाले. दोघींशी मैत्री टिकली; बाकीच्यांचे वाढदिवससुद्धा मला कधी ठाऊक नव्हते, हे तेव्हा लक्षात आले, आणि गायकाचा मात्र पाठ होता.

कलावंत वेगळा आणि कला वेगळी, असे मला पुष्कळांनी समजावले. ज्याच्याशी आता हिशेबच उरलेला नाही अशा जुन्या काळच्या कलावंताबाबत ते कदाचित चालेल. जिवंत गायकाचे गाणे आपण ऐकतो ती प्रत्येक वेळ कोठेतरी मोजली जाते, तिचा आकडा वाढतो आणि तो आकडा त्याची ढाल होतो. त्या मुलीविरुद्ध आम्ही असेच आकडे नाचवले होते. म्हणून नवे काही ऐकायचे नाही असे मी ठरवले. वडिलांच्या उशाशी ऐकलेले ते एक गाणे मात्र मी काढून टाकलेले नाही. त्या गाण्यात माझ्यासाठी गायक राहिलेलाच नाही. अंधारी खोली, वडिलांचा श्वास आणि माझी भीती एवढेच आहे.

ते वाक्य मी आधी पुसून टाकले. नंतर वाटले, पुसल्याने केवळ माझी सोय झाली. तिने तर ते वाचलेच आहे. म्हणून जेथे ते लिहिले होते तेथेच, सर्वांना दिसेल असे, मी पुन्हा लिहिले: हे वाक्य माझे होते, ते खोटे आणि दुष्ट होते, आणि मी क्षमा मागते. जुन्या सहकाऱ्यांनी माझी भरपूर निर्भर्त्सना केली, त्यांतल्या काही युक्त्या तर मीच शिकवलेल्या होत्या. त्या मुलीकडून उत्तर आले नाही. ते येण्याचे काही कारणही नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा नवा अल्बम आला. पूर्वी मी अशा वेळी मध्यरात्रीपर्यंत जागत असे. यंदा मला ते तीन दिवसांनी, दुसऱ्याच कोणाच्या तरी बोलण्यातून कळले. मी तो ऐकला नाही. पण तीनच दिवस, चार नव्हेत, हे मी मनात मोजून ठेवले आहे.