तुळई 40,000 ची, हक्क 3,000 चा

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात माडीची तुळई वाळवीने पोखरली आहे. सुताराने पटाशीचं टोक नुसतं टेकवलं, तर मूठभर भुसा खाली आला. तुळई, दोन वासे आणि वरची कौलं मिळून त्याने 40,000 रुपये सांगितले. काम होईपर्यंत खालून टेकू द्यायचे, त्याचे पैसे वेगळे.

मालक म्हणतात, "काकू, पाच बिऱ्हाडांचं मिळून वर्षाचं भाडं येतं 12,000. त्यात घरपट्टी भरू की तुळई बदलू?" त्यांचा राग येतो, पण हिशेब खोटा नाही. आम्ही प्रत्येकी महिना 200 रुपये देतो. कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ करता येते, म्हणजे 8 रुपये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 14 मी मुळातून वाचलं. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. ते हयगय करत असतील तर भाडेकरूंनी, एकेकट्याने किंवा मिळून, किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची. तरीही काम झालं नाही तर आपण दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. पावत्या मात्र जपायच्या, हिशेबाला त्याच लागतात.

इथवर वाचून मला हायसं वाटलं होतं. पुढे अट आहे: वर्षभरात वळता करायचा खर्च त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यावर जाता कामा नये. माझ्या वाट्याला 600 रुपये. पाचही बिऱ्हाडं एकत्र आली तरी 3,000. एवढ्यात तुळई सोडा, कौलं शाकारून होत नाहीत. भाडं जुन्या काळात अडकलेलं आणि सुतार, लाकूड आजच्या भावाचं. मग हा हक्क वापरायचा कसा?

मुंबई शहरात उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी म्हाडाचं (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचं) दुरुस्ती मंडळ तरी आहे. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांना तसं कोणी नाही. आमच्या वाट्याला येते ती पावसाळ्याआधीची पालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस. चौथ्या हिश्श्याची अट निदान तुळई, भिंत, छप्पर अशा जिवावरच्या कामांना लागू नसावी आणि पुण्यालाही दुरुस्ती मंडळ हवं, असं माझं ठाम मत आहे.

(11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या मुलांनी कलम 14 आपल्यालाही आहे असं धरून चालू नये. गळती कोणी काढायची, वायरिंग कोणी बदलायचं, हे करारातच लिहून घ्या आणि करार नोंदवून घ्या.)

मधल्या काळात जिन्यातला दिवा बंद झाला. पाणी, वीज, जिन्यातला उजेड, संडासाची साफसफाई मालकाने सबळ कारणाशिवाय तोडणं हा कलम 29 खाली गुन्हा आहे. कलमाचा आकडा घालून पत्र दिलं, तेव्हा दिवा लागला.

तुळईच्या नोटिशीवर चार सह्या झाल्या आहेत. मागच्या खोलीतल्या वहिनी अडल्यात. बोभाटा झाला तर पालिका वाडा रिकामा करायला लावेल आणि परत यायला मिळणार नाही, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. म्हणून आज दुपारी आम्ही दोघींनी टेप घेऊन त्यांच्या खोलीचं, मोरीचं, माळ्याचं माप काढलं आणि फोटो घेतले. उद्या परत यायचा हक्क सांगायची वेळ आली तर पुरावा हवा, म्हणून ते सगळं भाडेपावत्यांसोबत फायलीला लावलं. सही त्या उद्या करतील. सोमवारी नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह निघेल.