गेट सिव्हिल आणि कॉलेजची लायब्ररी: कपाट कुठलं, आवृत्ती कुठली

गेट (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) देणाऱ्या सिव्हिलच्या मुलांना लायब्ररी म्हणजे पंख्याखालची खुर्ची आणि चार्जिंगचा पॉइंट, एवढीच ठाऊक असते. नोट्स क्लासच्या, प्रश्न मोबाइलवरचे. कपाटांकडे कुणी वळलंच, तर हाताला लागेल ते पुस्तक घेऊन येतो, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन लावलेल्या लायब्ररीत सिव्हिलचा आकडा ६२४. सॉइल मेकॅनिक्स ६२४.१५१ ला, स्ट्रक्चरल ॲनालिसिस ६२४.१७१ ला, आरसीसी ६२४.१८३४ च्या आसपास. पण अभ्यासक्रमाचा बराच भाग या रांगेच्या बाहेर आहे. सर्व्हेइंग ५२६.९ ला, म्हणजे थेट खगोलशास्त्राच्या शेजारी. फ्लुइड मेकॅनिक्स कधी ५३२ ला भौतिकशास्त्रात, कधी ६२०.१०६ ला, तर धरणं-कालवे ६२७ मध्ये. हायड्रॉलॉजी ५५१.४८, रस्ते ६२५.७, पाणीपुरवठा आणि सांडपाणी ६२८. गणिताचं एक जाडजूड पुस्तक पुरत नसेल तर लिनियर अल्जेब्रा ५१२.५ ला आणि प्रोबॅबिलिटी ५१९.२ ला स्वतंत्र मिळतात. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ‘पुस्तक नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी निम्मे चुकीच्या कपाटासमोर उभे असतात.

आता आवृत्ती. गणित, मेकॅनिक्स, फ्लुइड यांत पुस्तक तीस वर्षांचं असलं तरी बिघडत नाही. डिझाइनमध्ये मात्र चांगलंच बिघडतं. पुस्तक उघडलं की आधी प्रस्तावना पाहा आणि ते कोणत्या आयएस कोडवर (भारतीय मानकावर) लिहिलंय ते शोधा. मुखपृष्ठावरच्या वर्षावर जाऊ नका, जुन्याच मजकुराचं पुनर्मुद्रण नव्या वर्षाचा शिक्का मारून येतं.

काँक्रीटचं उदाहरण घ्या. आयएस ४५६ च्या १९७८ च्या आवृत्तीत काँक्रीटचा लवचिकता गुणांक ५७००√एफसीके होता (एफसीके म्हणजे काँक्रीटची ठरलेली दाबशक्ती), २००० च्या आवृत्तीत तो ५०००√एफसीके झाला. एम २५ काँक्रीटसाठी (एफसीके २५) जुन्या सूत्राने २८,५०० येतात, नव्याने २५,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. न्यूमेरिकल प्रश्नात एवढा फरक म्हणजे उत्तर सरळ चूक.

स्टीलमध्ये तर पद्धतच बदलली. आयएस ८०० ची १९८४ ची आवृत्ती वर्किंग स्ट्रेसवर (वापरातल्या भारावर हिशोब) होती, २००७ ची लिमिट स्टेटवर (वाढवलेल्या भारावर हिशोब) आहे. २५० ग्रेडच्या स्टीलला ताणात जुना कोड ०.६ गुणिले २५०, म्हणजे १५० न्यूटन प्रति चौरस मिमीची परवानगी देतो. नवा कोड २५० भागिले १.१, म्हणजे २२७. मुलांना वाटतं नवा कोड उदार झाला. तसं नाही. १५० हा वापरातल्या भाराशी ताडायचा आणि २२७ हा १.५ ने वाढवलेल्या भाराशी. २२७ ला १.५ ने भागा, १५१ येतात. म्हणजे दोन्ही कोड जवळजवळ एकाच जागी पोहोचतात. सूत्र एका पुस्तकातून आणि भार दुसऱ्यातून घेतला की उत्तर दीडपट चुकतं, आणि तो चुकलेला आकडाही पर्यायांत छापलेला सापडू शकतो.

सॉइलच्या जुन्या पुस्तकांत सिद्धांत ठीक असतो, एककं त्रास देतात. १ किलो प्रति चौरस सेमी म्हणजे सुमारे ९८.१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, हे समासात लिहा. अर्थात स्वतःच्या वहीच्या समासात, पुस्तकाच्या नव्हे.

मूळ कोड संदर्भ विभागात असतात, घरी मिळत नाहीत. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आयएस कोड फुकट उतरवता येतात, पण कागदावर दोन कोड शेजारी उघडून वाचण्याची सोय वेगळीच. आयएस ४५६ पूर्ण वाचायची गरज नाही: कलम २३, २६, ३८, ४० आणि परिशिष्ट जी. आयएस ८०० मधला तक्ता ५, मग विभाग ६, ७, ८ आणि १०. परीक्षेत कोड जवळ ठेवता येत नाही, म्हणून तटस्थ अक्षाच्या कमाल खोलीचे (तुळईच्या परिणामी खोलीच्या पटीत) ०.५३, ०.४८, ०.४६ (स्टील अनुक्रमे २५०, ४१५ आणि ५००) असे आकडे पाठच हवेत.

देवघेवीचं वेळापत्रक आधीच मांडून घ्या. गेट फेब्रुवारीत, आणि सेमिस्टरच्या परीक्षा त्याच्या आधी. परीक्षेच्या तोंडावर नो ड्यूजसाठी (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यासाठी) पुस्तकं परत करावी लागतात, म्हणजे ऐन उजळणीच्या आठवड्यांत हात रिकामे. सिद्धांताची पुस्तकं जुलै ते ऑक्टोबरमध्ये उरकावीत. डिसेंबरनंतर फक्त स्वतःची वही आणि संदर्भ विभाग. एका विषयाला एकच पुस्तक घ्या. तीन घेणारा तिन्हींची पहिली दोन प्रकरणंच वाचतो, कार्डही अडकतं आणि दंडही चढतो.

जुन्या प्रश्नपत्रिका आधी विषयवार सोडवा, पण शेवटच्या तीन वर्षांच्या कोऱ्या ठेवा. गाइडमधली उत्तरं अधिकृत उत्तरतालिकेशी ताडल्याशिवाय खरी मानू नका. तालिकेत न्यूमेरिकल उत्तराला एक आकडा नसून पल्ला दिलेला असतो, म्हणून मधल्या पायरीला राउंड करण्याची सवय मोडा.

त्या तीन प्रश्नपत्रिका लायब्ररीच्या संगणकावर सलग तीन तास बसून सोडवा. ६५ प्रश्न, १०० गुण, त्यांतले १५ ॲप्टिट्यूडचे. एमसीक्यूत (एकच पर्याय बरोबर) एक गुणाला एक तृतीयांश आणि दोन गुणांना दोन तृतीयांश वजा होतात. एमएसक्यू (एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात) आणि न्यूमेरिकलला (उत्तराचा आकडा स्वतः भरायचा) काही कापत नाहीत, तेव्हा ते कोरे सोडणं हा शुद्ध तोटा. कॅल्क्युलेटर पडद्यावरचाच वापरा. तो माउसने चालतो, आणि साइन काढायचा तर आधी कोन टाकून मग बटण दाबावं लागतं. हाताच्या कॅल्क्युलेटरची सवय इथे उलटी पडते. डिग्री की रेडियन, ते प्रत्येक वेळी पाहा, विशेषतः स्लोप स्टॅबिलिटीच्या (मातीच्या उताराच्या स्थिरतेच्या) गणिताआधी.