समासातली कलमं

साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयात परत आलेली प्रत्येक कादंबरी कपाटात जाण्याआधी माझ्या हातातून जाते. तारखेची चिठ्ठी जागेवर आहे का, शिक्क्याचं पान शाबूत आहे का, एखादा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, सुटलाय का, हे बघायचं. मग पुस्तक मिटून उजेडात आडवं धरायचं आणि शिवणीच्या समोरची मोकळी कड बघायची. हाताळलेल्या पानांची कड मळते, न उलटलेल्यांची कोरी राहते. पाचशे पानांच्या नव्या प्रतीत मळ दोनशेपाशी थांबला असेल, तर वाचक टेबलापाशी काहीही म्हणोत, गाडी तिथंच अडलेली असते. जुन्या प्रतीत मात्र सगळीच कड पिवळी पडलेली, तिथं हा उपाय चालत नाही.

टेबलावर अभिप्रायाची वही आहे. तिच्यात ‘अप्रतिम’, ‘खूप आवडली’, ‘लेखकाने वास्तवाचे विदारक चित्रण केले आहे’. यातली बरीच वाक्यं मलपृष्ठावरून थेट उतरवलेली. ‘आवडली का?’ असं विचारलं की ‘हो’ येणारच. ग्रंथपालाला नाही कोण म्हणतं? म्हणून मी दोनच प्रश्न विचारते. वाचता वाचता कुठं थांबलात? आणि यातलं तुम्हाला आधीपासून काय ठाऊक होतं?

त्या दिवशी पावसानं गर्दी नव्हती. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ परत आली. 1991 साली आलेली, 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, धरणग्रस्तांची ही कादंबरी. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी ही नावं ज्या जिल्ह्यात घरातल्या माणसांसारखी घेतली जातात, तिथं ती कपाटात फार वेळ टिकत नाही. आणणारे काका भूसंपादन कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. पुस्तक उघडलं तर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘क. 4’, ‘क. 9’, ‘12(2) पोचली?’, आणि एका पानावर दोनदा अधोरेखित केलेलं ‘हरकत राखून??’

“दंड घ्या मॅडम,” काका म्हणाले, “पण खोडायच्या आधी ऐकून घ्या.”

ही कलमं 1894 च्या भूसंपादन कायद्याची. 1 जानेवारी 2014 पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. काकांनी सांगितलेलं असं. जमीन लागणार असं सांगणारी कलम 4 ची अधिसूचना निघाली की त्या तारखेचा बाजारभाव धरायचा. मोबदला किती ते ठरवणारा निवाडा कलम 11 खाली, तो पुढं कधीतरी. 1984 च्या दुरुस्तीनं त्याला, जमीन घेणार या घोषणेपासून, दोन वर्षांची मुदत घातली. त्याआधी तेवढंही बंधन नव्हतं. म्हणजे 4 ची तारीख पडली की भाव थिजला, आणि पैसे हातात येईपर्यंत शेजारच्या गावची जमीन दुप्पट झालेली. त्याच दुरुस्तीनं भावावरची दिलासा रक्कम 15 टक्क्यांवरून 30 वर गेली आणि मधल्या काळासाठी वर्षाला 12 टक्के वाढ मिळू लागली.

खरी मेख कलम 18 मध्ये. निवाडा कमी वाटला तर प्रकरण न्यायालयाकडं पाठवा असा अर्ज करायचा. निवाड्याच्या वेळी माणूस हजर असेल तर सहा आठवड्यांत. नसेल तर निवाडा झाल्याचं कळवणारी 12(2) ची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी संपेल ते. आणि पैसे घेताना पावतीवर ‘हरकत राखून’ लिहिलं नसेल, तर 18 चा हक्कच गेला.

“हे दोन शब्द कोण सांगणार? रांगेत मागं पंचवीस माणसं उभी, समोर शाईचं पॅड. अंगठा उठला की संपलं.”

कुठं थांबलात, हा माझा प्रश्न विचारायची गरजच उरली नव्हती. मोबदल्याची गोष्ट निघाली की काका थांबत होते. “लोक म्हणतात वाचताना रडू येतं. मी बोटं मोजत होतो, कुणाचे सहा आठवडे कधी संपले. पानापानावर तारीख हुडकत होतो. मग लक्षात आलं, ज्याची जमीन गेली त्याच्याकडंही तारीख नसायची. तारीख आमच्या रजिस्टरात.”

कादंबरीवर एवढं नेमकं बोललेलं मी क्वचितच ऐकलंय. त्यात ‘विदारक’ हा शब्द नव्हता, हेही बरं.

मागं माण तालुक्यातल्या एक ताई ‘बनगरवाडी’ घेऊन उभ्या होत्या. त्या थांबल्या कादंबरीतल्या तालमीपाशी. कादंबरी औंध संस्थानातली, आणि त्यांचे आजोबा औंधच्या राजवटीत शिकलेले. तिथं शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे. “राजा चांगला होता म्हणायचे आजोबा, पण कंबर मोडायची म्हणायचे.” कादंबरीत पुढं येणाऱ्या दुष्काळाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. माणदेशात त्याचं अप्रूप नाही.

नियमाप्रमाणे दंड घेतला. समासातल्या नोंदी पानाच्या आकड्यासह वहीत उतरवल्या आणि मग खोडायला बसले. पांढरा मऊ खोडरबर, डावा तळहात पानावर घट्ट, आणि घासायचं एकाच दिशेनं, शिवणीकडून कडेकडं. मागं-पुढं घासलं की पान दुमडतं आणि जुना कागद शिवणीपाशी फाटतो. चुरा मऊ ब्रशनं झाडायचा. फुंकर मारली तर थुंकी उडते. बॉलपेन असतं तर काहीच करता आलं नसतं. आता जाड कादंबऱ्यांत मी साध्या कागदाच्या सुट्या चिठ्ठ्या ठेवते. चिकटणाऱ्या नकोत, त्यांचा डिंक पानावर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

वहीतही दोन रकाने आखले: पान, आणि तिथं काय आठवलं. ‘अप्रतिम’ लिहायला जागाच ठेवली नाही. काही वर्गणीदार नाराज झाले, वही बरेच दिवस कोरी राहिली. मग काकांच्या ‘12(2) पोचली?’ या नोंदीखाली कुणीतरी लिहिलं, ‘नोटीस चावडीवर डकवली होती. आमच्या हातात कधी आली नाही.’ काकांनी ते वाचलं आणि खाली पेन्सिलीनं विचारलं: ‘कोणती चावडी? तारीख?’