आलं आणि चौऱ्याऐंशी गोळ्या

ह्यांच्या हेपॅटायटिस सीच्या, म्हणजे यकृताच्या आजाराच्या, गोळ्या सुरू झाल्या: सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्विर, रोज एक, 12 आठवडे. दुसऱ्याच आठवड्यात मळमळ, डोकं जड. फोंड्याच्या बाजारातून ताजं आलं आणलं. नखाएवढा तुकडा ठेचून पाण्यात उकळायचा, वर मिठाचा कण. उकड्या तांदळाच्या पेजेआधी दोन घोट. पेज पोटात राहिली त्या दिवशी मला रडूच आलं.

शेजारच्या काकींनी मायेने किरायत्याचा काढा आणला. तो पाजण्याआधी डॉक्टरांना विचारलं. आलं चालेल, काढा नको, म्हणाले. आणि आम्लपित्ताचं अँटासिडसुद्धा ह्या गोळीपासून 4 तासांच्या अंतराने, नाहीतर ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही. काकींना वाईट वाटलं खरं. पण आता रोज संध्याकाळी त्याच आलं ठेचून पाठवतात.